कपिलेचा घास

१

केयूर बोडसला किळस म्हणून कशाची येत नसे. यायची सोयच नव्हती. कोलकात्यात भवानीपूरमध्ये त्याचा दातांचा दवाखाना, आणि सकाळ-संध्याकाळ लोकांच्या तोंडांत वाकून बघणं हा धंदा. पानाने काळ्या पडलेल्या दाढा, पू धरलेल्या हिरड्या, आदल्या दिवशीचा मासा दातांत तसाच घेऊन येणारी मंडळी, सगळ्यांना "आ करा" म्हणायचं आणि निर्विकारपणे बोटं आत घालायची. लहान मुलं चावायची, तर त्यांच्यासाठी त्याने एक खास मऊ आवाज कमावला होता. "आ कर, बाळा," मग लगेच, "अजून मोठा." बंगाली पोरांना हेच बंगालीत. ते दुसरं "अजून मोठा" इतकं अंगवळणी पडलं होतं की ताटात भात वाढताना आभाने चमचा उचलला तरी त्याच्या तोंडून निघायचं. आभा म्हणजे त्याची बायको, शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, तुला देवाने नाक उगाच दिलंय.

तर अशा माणसाला एका रविवारी सकाळी, एस्प्लनेडच्या सिग्नलला, बसच्या भोंग्यांत आणि फेरीवाल्यांच्या आरडाओरड्यात, एका आवाजाने मळमळलं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, माणूस नाजूक असेल.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे केयूरचे वडील, दत्तात्रय बोडस. जन्म कोलकात्यातला, नोकरी कोलकात्यातली, आणि मराठी अशी की सदाशिव पेठेने शिकवणी लावावी. त्यांच्या वडिलांनी ही गाडी देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. रंग तांबूस, म्हणून नाव ठेवलं कपिला. हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या फेरीत ती मिरवायची आणि एरवी दर रविवारी अण्णा तिला रेड रोडवरून फिरवून आणायचे. पण दिवाळीच्या आधी अण्णा जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि वरच्या मजल्यावरच्या खाटेला खिळले. रविवारची फेरी केयूरच्या गळ्यात पडली.

सिग्नल लाल झाला. केयूरने गाडी न्यूट्रलला घेतली, क्लचवरचा पाय काढला, आणि खालून आवाज आला. खडखड नाही, घरघर नाही. चप, चप, चप. मध्ये जरा थांबून पुन्हा चप. एखादा माणूस तोंड उघडं ठेवून, भात तोंडात घोळवत जेवतो ना, हुबेहूब तसा. ओला. केयूरच्या घशाशी काहीतरी आलं आणि त्याने ते गिळलं.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"काय?" आभा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

"हा आवाज."

"जुनी गाडी आहे. आवाज करणारच."

ती हे फार पटकन म्हणाली. पण सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा टॅक्सीवाला शिव्या देत होता, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

२

घराच्या तळमजल्याला गॅरेज होतं. ओलीने पोपडे धरलेल्या भिंती, वर एक जाळीची खिडकी आणि बारा महिने बर्फासारखी गार असणारी लाल फरशी. अण्णांचा दंडक असा की गॅरेजमध्ये चप्पल घालून यायचं नाही. का, तर नाही. केयूरने दारात चपला काढल्या, इंजिन चालू ठेवलं आणि जमिनीवर आडवा झाला.

गाडीचा आवाज नेमका कुठून येतो ते शोधायची जुनी रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. हाड आवाज थेट डोक्यात पोचवतं. त्याने टोक इंजिनला लावलं, तिथे सगळं ठीक. गिअरबॉक्सच्या पोटाला लावलं आणि हात झटकन मागे घेतला. कुणीतरी त्याच्या कवटीत बसून जेवत होतं.

आभाला त्याने क्लच दाबायला सांगितलं. आवाज बंद. सोड म्हटलं. आवाज सुरू. त्याला जरा हायसं वाटलं, कारण असं वागणाऱ्या आवाजाला पुस्तकात कारण असतं. त्याने लगेच श्यामसुंदर घाटेंना फोन लावला. घाटे बँकेच्या बदलीने कोलकात्यात आले आणि जुन्या गाड्यांच्या वेडापायी निवृत्तीनंतरही इथेच चिकटले. सध्या न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये बसून सगळ्या शहराच्या गाड्यांना फोनवर औषध सांगत असतात.

"क्लच दाबला की थांबतो? मग पुढचं बेअरिंग," घाटे म्हणाले. "उगाच जीव काढू नकोस. ऑइल काढ, त्यात चुंबक फिरव. लोखंडाचा चुरा चिकटला की बेअरिंग. तुकडे चिकटले की गिअर फुटलाय. आणि भुसा निघाला तर समज कुणीतरी पूर्वी आवाज दाबायला भरून ठेवलाय. जुने लोक केळ्याची सालंसुद्धा कोंबायचे."

"आवाज ओला आहे हो, काका."

"ऑइल आहे म्हटल्यावर ओलाच असणार."

हेही खरंच. केयूरने आभाला इंजिन बंद करायला सांगितलं. इंजिन थांबलं. पंखा थांबला. गॅरेजमध्ये इतकं शांत झालं की वरच्या मजल्यावरचं अण्णांचं खोकणं ऐकू आलं.

केयूरने स्क्रूड्रायव्हर पुन्हा गिअरबॉक्सला लावून हाडाला टेकवला. चप. चप. मग एक गिळल्याचा आवाज, घटकन, आणि त्यामागून एक समाधानी उसासा.

ऑइल खाली बसतंय, केयूर स्वतःला म्हणाला. गरम ऑइल असंच करतं. तो गाडीखालून बाहेर सरकला तर आभा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. संकोच होता. घरातलं कुणी पाहुण्यांसमोर मोठ्याने ढेकर देतं तेव्हा होतो तसा.

३

आभा स्वयंपाकाला वर गेली. केयूरने गाडीखाली परात सरकवली, पाना लावून गिअरबॉक्सचा बूच ढिला केला आणि काढला.

गिअरबॉक्सच्या जुन्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. नवख्याला सहन होत नाही, शौकिनाला आवडतो. हा वास तो नव्हता. हा वास केयूरला चांगला माहीत होता. महिनोन् महिने न धुतलेल्या तोंडाचा वास. सडलेल्या हिरडीचा, दाढेत कुजलेल्या अन्नाचा. दवाखान्यात तो वास मास्कमधून यायचा आणि माणसाच्या तोंडून यायचा. इथे तो लोखंडाच्या भोकातून येत होता.

ऑइल धारेने पडलंच नाही. लोंबलं. राखाडी, बुळबुळीत, तार धरणारं, परातीपर्यंत येऊनही वरून न तुटणारं. आत पांढरे कण होते. केयूरने काडीने एक कण कडेला ओढला. शीत होतं. भाताचं शीत, फुगून मऊ झालेलं. त्याला लागून अजून एक, आणि मग गुठळीच, त्यात कढीपत्त्याचं पान. त्याला ओकारी आली. दवाखान्याच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

उंदीर, त्याने मनाशी ठरवलं. उंदरांनी वरून भात आणून आत साठवला. उंदीर भातात कढीपत्ता घालत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याने तिकडे कानाडोळा केला.

परातीच्या तळाशी काहीतरी कडक होतं. तुकडे. म्हणजे गिअर फुटलाय. बरं झालं, तो म्हणाला, आणि खरोखरच त्याला बरं वाटलं. रॉकेलमध्ये तुकडे धुतले, वर्तमानपत्रावर पसरले, चुंबक फिरवलं. एकही चिकटला नाही. पुन्हा फिरवलं. ते जिथल्या तिथे पडून राहिले. पिवळट पांढरे, गुळगुळीत, प्रत्येक चांगला सुपारीएवढा.

केयूरने एक उचलला आणि बोटांनी उलटा केला. बोटांना आधी कळलं, डोक्याला नंतर.

दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ नसतं. खालून येणारा पक्का दात ते मूळ झिजवून टाकतो, म्हणून तो हलतो आणि एक दिवस आपला आपण पडतो. मोडलेला दात तसा दिसत नाही, उपटलेला तर मुळीच नाही. केयूरच्या हातातल्या दाताची खालची बाजू वाटीसारखी पोखरलेली होती, कडा झिजलेल्या. सगळ्यांच्याच. कुणी मोडले नव्हते. वय झालं म्हणून पडले होते.

एवढाले दात कुठल्या तोंडात दुधाचे असतील, हा विचार त्याने मध्येच तोडला. वर्तमानपत्र तसंच गुंडाळलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं, साबणाने हात धुतले. मग परत धुतले. बोटांचा वास जाईना.

४

वर जेवणाची वेळ झाली होती. अण्णा खाटेवर उशांना टेकून बसले होते, पुढ्यात ताट. वरण-भात, दह्याची वाटी, लिंबाची फोड. हात जोडलेले. डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक नव्हतं. लहानपणी बॉनेट उघडं असताना इंजिनच्या पंख्यात गेलं, असं केयूर जन्मापासून ऐकत आला होता.

आभा स्वयंपाकघरातून एका वाटीत दहीभात घेऊन निघाली आणि जिन्याकडे वळली.

"कुठे चाललीस?" केयूरने विचारलं.

तिने अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे तिला. घास गेल्याशिवाय मी जेवत नाही, माहीत आहे तुला."

ते माहीत होतं. गाईचा घास. जेवायच्या आधी पहिला वाटा गाईचा, ही बोडसांच्या घरातली आजोबांपासूनची रीत. पूर्वी गल्लीच्या टोकाला गवळ्याचा गोठा होता. मग शहरातले गोठे उठले, गाई गेल्या. केयूर तेव्हा शाळेत होता. त्यानंतर घास कुठे जातो, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. अण्णा जेवणाआधी वाटी घेऊन खाली जायचे, रिकामी वाटी घेऊन वर यायचे. कावळ्यांना घालत असतील, कुत्र्याला घालत असतील. घरातल्या म्हाताऱ्यांच्या रोजच्या गोष्टींकडे कोण बघतं?

"आभा," तो म्हणाला, "ती वाटी कुठे नेतेस?"

"कपिलेला," आभा म्हणाली. "अण्णांना उतरता येत नाही ना, म्हणून मी जाते. पहिले दोन दिवस कुणी गेलंच नाही आणि अण्णा पाण्याशिवाय काही घेईनात. मग मी म्हटलं, एवढंच आहे ना."

"कपिलेला म्हणजे कुठे? बॉनेटवर ठेवतेस?"

"ठेवत नाही रे." ती चाचरली. "गिअरच्या दांड्यापाशी रबर आहे ना, ते वर केलं की भोक आहे. तिथे. हाताने."

केयूरने तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिचा उजवा हात उलटा करून बघितला. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईची होतात तशी. आभा भांडी घासत नव्हती.

"तुला आत काय लागतं?"

"मऊ लागतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "गरम. घास घेते आणि सोडते. आधी मलाही कसंतरी झालं होतं. आता सवय झाली. बिचारी दुसरं काही करत नाही."

शिसारीने केयूरच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं ते. या हाताने तिने आत्ता भात कालवला होता. या हाताने रोज त्याच्या पोळ्या लाटल्या होत्या. त्याने वाटी मोरीत उपडी केली.

"आजपासून कुणीही खाली जायचं नाही," तो म्हणाला. "ती गाडी मी घालवून टाकतो."

 अण्णांनी ताट हलकेच पुढे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

५

म्हातारा माणूस अन्न सोडतो तेव्हा घराचा श्वास अडकतो. सोमवारी अण्णांनी चहासुद्धा घेतला नाही. डॉक्टर येऊन दटावून गेले, या वयात, या अवस्थेत दोन-चार दिवसांचा उपाससुद्धा जिवावर बेतेल म्हणाले. सलाईन लावायचं ठरवलं तर अण्णांनी सुई उपटून टाकली. आभा खाटेशी बसून विनवण्या करत होती. अण्णांच्या सुकलेल्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"अण्णा, ती गाडी आहे हो," केयूर म्हणाला.

"मग एक घास द्यायला तुझं काय जातं?" अण्णा पुटपुटले.

 खरं सांगायचं तर केयूरच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. आपण शिकलेले लोक. आपण जे चुंबकाने तपासलं त्याचा काहीतरी उलगडा असणारच. अण्णांनीच कधीतरी कुठल्या जनावराचे दात आत टाकले असतील. म्हाताऱ्यांचं काय सांगावं. एकदा आत बघितलं की संपलं. न बघता गाडी भंगारात दिली तर तो आवाज जन्मभर कानामागच्या हाडात राहील.

मंगळवारी दवाखान्याला निघायच्या आधी, चांगल्या उजेडात, तो गॅरेजमध्ये उतरला. कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधला, हातमोजे चढवले, खिशात दात बघायचा छोटा आरसा. तोच, लांब दांडीचा, जीभ बाजूला सारून मागच्या दाढा दाखवणारा. बोटं आत घालायची त्याची हिंमत नव्हती.

त्याने रबर वर केलं. खालची पत्र्याची झाकणी कधीच काढून टाकलेली होती. बशीएवढं भोक. कडेला वाळलेली शितं, थरावर थर, वर्षानुवर्षांची. मधून गिअरचा दांडा खाली गेलेला. दिव्याच्या उजेडात काळे गिअर चमकले, आणि केयूर जवळजवळ हसलाच. लोखंड. नुसतं लोखंड.

मग त्याने आरसा मागच्या बाजूला वळवला आणि आरसा धुरकट झाला.

हे रोज होतं. तोंडात आरसा घातला की श्वासाची वाफ धरते, म्हणून दातांचे डॉक्टर आरसा आधी कोमट करून घेतात. केयूरने सवयीने आरसा बाहेर काढला, पुसला, परत घातला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय पुसलं.

आरशात गुलाबी दिसलं. आडव्या वळ्या असलेली ओली टाळू. तिच्याखाली हिरडी, सुजलेली, ताणून चकचकीत झालेली. आणि हिरडीच्या आत, कातडीखाली, निळसर पांढरा उंचवटा. असे उंचवटे तो आयांना दाखवायचा. बघा, येतोय, चार-आठ दिवसांत फुटेल. फक्त हा उंचवटा एका आरशात मावत नव्हता. त्याने आरसा सरकवला, तो अजून होता. अजून सरकवला, तरी होता.

काहीतरी मऊ आरशाच्या दांडीभोवती मिटलं आणि हळूच चोखू लागलं.

केयूर दांडी सोडून मागे कोसळला आणि गॅरेजच्या मोरीपाशी बसून पोट रिकामं होईपर्यंत ओकला. हातमोजे फाडून काढले. बोटं फिनाईलने धुतली, जळजळेपर्यंत. मग घाटेंना फोन करून म्हणाला, काका, क्रेन पाठवा, उद्याच, भंगारवाल्याकडे न्या, कुठेही न्या, मला किंमत नको. घाटेंनी जे समजायचं ते समजून संध्याकाळची वेळ ठरवून दिली.

गॅरेजला त्याने कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. दुसरी किल्ली अण्णांच्या उशीखाली असते हे त्याला सुचलं नाही.

६

बुधवारी दुपारी तो दवाखाना लवकर आटोपून घरी आला. क्रेन यायला अवकाश होता. जिना चढताना त्याला आवाज आला आणि त्याचे पाय थबकले. कुणीतरी जेवत होतं.

अण्णा जेवत होते. उशांना टेकून, मोठाले घास घेत, ओठांवर दही. गालांवर रंग आला होता. केयूरला आधी आनंद झाला, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतका. मग तो आनंद जागच्या जागी आंबला.

"आभा कुठाय?"

"खाली," अण्णा म्हणाले. "मी बोललो नाही रे तिला. तीच आली. म्हणाली, तुमचे हाल बघवत नाहीत, मी देऊन येते. किल्ली मागितली, मी दिली. वाटी घेतली, माझं ताट वाढलं आणि मला सांगून गेली, जेवायला बसा."

"कधी गेली?"

"झाला बराच वेळ. आज जरा वेळ लावलाय तिनं." अण्णांनी घास कालवला. त्यांची नजर स्वतःच्या त्या अर्ध्या बोटावर गेली. "घाबरू नकोस. माझं एका पेरावर भागलं. पण तेव्हा तिचे दुधाचे होते. आता कुठले आहेत?"

केयूर जिन्याकडे वळला.

"तू सांग," अण्णा म्हणाले. "तू त्यातला डॉक्टर."

तो जिना कसा उतरला त्याला कळलं नाही. गॅरेजचं दार लोटलेलं होतं, आभाच्या चपला बाहेर नीट शेजारी शेजारी काढलेल्या. त्यानेही काढल्या, सवयीने. जाळीच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. गाडीचं पुढचं दार उघडं, आणि आभा सीटच्या पुढे पत्र्यावर गुडघे टेकून बसलेली, उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत भोकात. तिने मान वळवली. चेहरा घामाने भिजला होता.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच जरा शांत झालीये."

"हात काढ."

"सोडत नाहीये. दुखत नाही रे, पण सोडत नाही. चोखतेय नुसती." मग तिचा आवाज फुटला. "केयूर, मघापासून आत काहीतरी टोचायला लागलंय."

तो दारापाशी फरशीवर उभा राहून आत वाकला. वास तोंडावर आला आणि त्याने श्वास धरला. काय करायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तेच तर सगळ्यात वाईट. मूल चावून बसलं की ओढायचं नाही. ओढलं तर ते अजून घट्ट मिटतं. गालाच्या आतून बोट सरकवत न्यायचं, शेवटच्या दाढेच्याही मागे, आणि तिथे दाबायचं. जबडा आपोआप सैल होतो. हे त्याने शेकडो वेळा केलं होतं. उजव्या हाताने. त्याच हातावर त्याचं घर चाललं होतं.

त्याने आभाच्या मनगटाच्या कडेने बोटं आत घातली. मोजे नव्हते. गरम. बुळबुळीत. आतली कातडी त्याच्या बोटांना चिकटून मागे सरत होती आणि त्याच्या सगळ्या अंगावर घाणेरडा शहारा येत होता. हिरडी लागली, टणक, ठणकणारी. तो तिच्या कडेकडेने आत गेला. कोपर आत जायची वेळ आली तरी हिरडी संपेना. आणि एका जागी, त्याच्या बोटाखाली, ती कातडी टचकन फुटली आणि खालून एक थंड, रुंद, करवतीसारखी कड वर आली.

त्याने दाबलं. आभाचा हात सुटला. ती गुडघ्यांवरच मागे सीटला टेकली आणि हात छातीशी धरून बघत राहिली. पांढरा, सुरकुतलेला, पण सगळी बोटं जागेवर. ती रडायला लागली.

"जा वर," केयूर म्हणाला.

"तुझा?"

त्याने हात ओढून बघितला. आला नाही. चावा नव्हता. घाबरलेलं पोर डॉक्टरचं बोट धरून ठेवतं तसं नुसतं धरलेलं होतं. आता तिला घाबरवून चालणार नव्हतं. केयूरने ओठांवरून जीभ फिरवली, आणि त्याच्या घशातून तो खास आवाज निघाला, मऊ, दवाखान्यातला. मराठीत, कारण या घरात आजोबांपासून कपिलेने मराठीच ऐकली होती.

"आ कर, बाळा."

आणि तिने केला. पकड सैल झाली. केयूरचा हात मोकळा सरकला, कोपर, मनगट, बोटं, सगळी. इतक्या सोपेपणाने तो बाहेर आला की त्याला सुटकेने भोवळ आली, आणि त्या सुटकेतच, विचार न करता, पंचवीस वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून पुढचं निघून गेलं.

"अजून मोठा."

आभाच्या गुडघ्यांखालचा पत्रा हळूच खाली झुकला. मग तिच्या मागची सीट कलली, मग उघडं दार आपण होऊन आणखी उघडलं. आभाने त्याचं नाव घेतलं. तिला धरायला त्याने पुढे पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला.

केयूर अनवाणी होता. गॅरेजची फरशी बारा महिने गार असते. ती आता कोमट झाली होती, आणि ओली.